भूक नसलेलीने चाखायचं

अक्का, आज बिसी बेळे भाताचा नवा घाणा चाखला आणि तुमची फार आठवण झाली. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं लोटली. फौजेसाठी तयार जेवणाची पाकिटं भरणाऱ्या हेब्बाळच्या त्याच कारखान्यात मी अजून आहे. तुमची खुर्ची आता माझ्याकडे आहे, आणि ती करकरते ते अजून कुणी बघितलेलं नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी कराडहून म्हैसुरात आले आणि वर्षभरात तोच गेला. कुवेंपुनगरच्या भाड्याच्या घरात एकटी उरले. माझं अन्नावरचं मनच उडालं होतं. चहाबिस्किटांवर दिवस ढकलायचे, बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. अशी मी तुमच्या हाताखाली आले. तुमची मराठी म्हैसूरची, अर्धी कन्नड. दुपारी माझ्या टेबलाशी थांबून तुम्ही विचारायचात, "ऊटा?" मला ऐकू यायचं, उठा. मी ताडकन उभी राहायचे, तुम्ही मान हलवून पुढे जायचात. बाईंना माझं बसणं खुपतंय, एवढाच अर्थ मी काढला. एक दिवस तुम्ही तेच जरा दमात म्हणालात आणि मी पर्स उचलून रडत फाटकाकडे निघाले. तुम्ही चपला फटफटवत मागे आलात.

"अग, निघालीस कुठं?"

"तुम्हीच म्हणालात ना, उठा म्हणून."

तुम्ही फाटकाला टेकून हसत सुटलात. "अय्यो, हुच्ची. वेडी आहेस काय? ऊटा म्हणजे जेवण ग. जेवलीस काय म्हणून रोज विचारतेय मी." मलाही हसू फुटलं, कित्येक महिन्यांनी. मग तुम्ही हसू आवरून विचारलंत, "आणि जेवलीस काय?" मी म्हटलं, भूकच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला थंड गोदामात नेलंत आणि जाड हातमोजे दिलेत. "नोडु, हे बघ," म्हणालात, "वर बर्फात जवानाची भूक मरते. पाकीट हातात असून पोरं खात नाहीत. भुकेल्या माणसानं चाखून काय कळणार? तू चाख." तुमच्या घराण्यातले पूर्वीचे सगळे म्हैसूरच्या फौजेत. "त्यांनी तलवार धरली, मी डाव धरला," असं तुम्ही ऐटीत सांगायचात. कुडकुडत मी पाकीट फाडते, दोन घास खाते, चमचा ठेवते. तुम्ही रागावता, पण माझ्यावर नाही, भातावर. "हा भात आहे की खळ?" म्हणत भटारखान्यात जाता, चिंच कमी करायला लावता, वरून कढीपत्त्याची फोडणी. मग पुन्हा मी, पुन्हा हातमोजे. मला वाटायचं, वर कुणीतरी पोरगा उपाशी झोपणार तो माझ्यामुळे. त्याच्यासाठी म्हणून आणखी एक घास घ्यायचे.

आणि मग एका दुपारी पाकीट रिकामं झालं. तुम्ही विचारलंत, "साकु? पुरे?" मी विचारलं, "अजून आहे का?" तुम्ही पदर तोंडाला लावून थंडी फार आहे म्हणालात आणि दुसरं पाकीट आणायला गेलात. त्या दिवशी घरी जाऊन मी स्वतःसाठी कुकर लावला. कराडला परत जायचं मी त्यानंतर कधी बोलले नाही.

अक्का, तुम्ही मला जगवलंत. हे तुमच्या तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही मला हुच्चीच म्हणाला असतात. पण मला सगळं ठाऊक होतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. चाखायचं काम पलीकडच्या इमारतीतल्या मंडळींचं होतं आणि गोदामातली चाचणी तुमची तुम्हीच काढलेली, कुठल्याच नियमात नव्हती, हे तिथल्या एका मुलीनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी कळलंच नाही असं दाखवून रोज हातमोजे चढवत राहिले. समोर बसून मला कुणीतरी जेवू घालतंय, तेवढं मला हवं होतं.