फुलांच्या चादरीवरची बाई

१२ मार्च

अबीद सरांनी आज ती कविता काढली. म्हणे, "यंदा परीक्षेत हीच येणार असं माझं मन सांगतंय, घोटून ठेवा." मागच्या वर्षीही त्यांचं मन असंच काहीतरी सांगत होतं आणि भलतीच आली होती. असो. संध्याकाळच्या वर्गात आम्ही अकराजण, सगळे चांगले घोडे झालेले. मी त्रेचाळीस. माझ्याहून मोठे फक्त ते पोस्टातले गृहस्थ, दर पाच मिनिटांनी चष्मा पुसणारे.

कविता आईवर आहे. आई गेल्यावर कवी गावच्या घरी येतो आणि तिला आठवायला बसतो. चेहरा आठवत नाही, आवाज आठवत नाही. आठवतं काय, तर तिने झाकून ठेवलेलं एक पातेलं. तेवढ्यावर पठ्ठ्याने सव्वीस ओळी लिहिल्यात, आणि शेवटी म्हणतो, आठवण उरली म्हणजे माणूस उरलं!

सरांनी विचारलं, कवीची भावना कोणती? सगळे एका सुरात, "दुःख आणि विरह." मी म्हटलं, "भूक." वर्ग हसला, सर काही हसले नाहीत. पण मला खरंच तसं वाटलं. पातेल्यात काय होतं ते तो शेवटपर्यंत सांगत नाही. म्हणजे त्याला अजून झाकण काढून बघायचंय.

१३ मार्च

अरीजला माझं उत्तर सांगितलं. "आई, असं लिहून आलीस तर भोपळा मिळेल." मुलगी अठरा वर्षांची, माझ्याच परीक्षेला, शाळेच्या शेवटच्या बाकालोरियाला, बसलीय, आणि आव असा की पेपर हिनेच काढलाय. मी सतराव्या वर्षी शाळा सोडली नसती तर आज हिला शिकवलं असतं, हे मी तिला बोलून दाखवलं. "पण सोडलीस ना," म्हणाली. उर्मट आहे. माझ्यावर गेलीय.

माझ्या नवऱ्याला, लुत्फीला, तर नुसती मजा. नाबुल ते ट्यूनिस लुआजमध्ये, म्हणजे त्याच्या वाटणीच्या टॅक्सीत, आठ माणसं भरतो आणि गाडी सुरू करायच्या आधी सांगतो, "यंदा आमच्या घरातून दोन पोरी बाकालोरियाला बसल्यात." लोक विचारतात, जुळ्या का? हा म्हणतो, "हो, त्यातली एक जरा लवकर झाली." आज स्टँडवर एका अनोळखी बाईने मला थांबवून यश चिंतिलं!

१९ मार्च

सरांनी दुसरा प्रश्न कसा येतो ते सांगितलं. आठ गुणांचा. 'हरवलेल्या माणसाची तुमची स्वतःची एक आठवण लिहा, आणि कवीचं म्हणणं तुम्हाला पटतं का ते सांगा.' वर्गातले बरेचजण माना खाली घालून बसले. मी नाही. माझ्यापाशी आहे. एकच आहे, पण आहे.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. थंडीत गेली, छातीच्या दुखण्याने. तिचे कपडे, पितळी डबे, सगळं आजी येऊन केफला, आईच्या माहेरी घेऊन गेली. फोटो एकच, लग्नातला, आणि त्यातही बाईसाहेब जमिनीकडे बघतायत. म्हणजे माझ्याकडे तिचं काही नाही, एवढी आठवण सोडून.

गच्चीवर पांढरी चादर. तिच्यावर कडू संत्र्याच्या फुलांचा हा एवढा ढीग. मी त्यात उताणी पडलेली. एक बाई ओंजळी भरभरून माझ्यावर फुलं टाकतेय, पोटावर, मानेखाली, आणि मी खिदळतेय. ती म्हणते, "हिलाही भांड्यात घालू या. बघू तरी, हिचा अर्क किती निघतो." चेहरा दिसत नाही, ऊन तिच्या मागे आहे. हात दिसतात, कोपरापर्यंत ओले. ती माझी आई.

मी ही आठवण शंभरदा तरी सांगितली असेल. लुत्फीला लग्नाआधी सांगितली होती, मेंदीच्या रात्री बायकांना सांगितली, अरीजला तर झोपवताना गोष्टीसारखी. परीक्षेत लिहायची म्हणजे हातचा मळ.

३० मार्च

फुलं आली. सकाळपासून घरभर घमघमाट आणि घरभर मन्नूबिया मावशीचा आरडाओरडा. चादर पसरा, झटका, देठ काढा, उन्हात नको, सावलीत. आईनंतर बाबांनी हिच्याशी लग्न केलं. आल्या दिवशी मला म्हणाली होती म्हणे, "मला आई म्हणू नकोस, जीभ अडखळेल. मावशी म्हण." तेव्हापासून मावशी. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, ही आमच्याकडेच असते आणि घर हीच चालवते. वय एकाहत्तर, पण फुलांच्या दिवसांत सेनापती.

अर्क काढायच्या तांब्याच्या भांड्याचा सांधा ओल्या कणकेने लिंपायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या हातात वही. मावशी म्हणाली, "पाठ करतेयस तर मोठ्याने कर, भांड्यालाही कळू दे." मग अख्खी कविता म्हणून दाखवली. मावशीला अक्षर ओळखता येत नाही, पण ऐकते मात्र कान देऊन. शेवट झाला. नळीतून पहिला थेंब पडला, तो बोटावर घेऊन हुंगला, आणि मग म्हणाली, "पातेलं झाकून ठेवलं म्हणजे बाईचा संध्याकाळी जेवायला परत यायचा विचार होता."

 अरीजने आणि मी पटकन वह्यांत लिहून घेतलं. हे वाक्य कोण वापरणार यावरून जेवेपर्यंत भांडण चाललं होतं. मावशी म्हणाली, दोघी वापरा, मी पैसे नाही घेत.

८ एप्रिल

सरांनी सरावाचा निबंध परत दिला. वीसपैकी अकरा. लाल शाईत लिहिलंय, 'चांगलं, पण त्रोटक. आई पाच ओळींत संपली? घरच्यांना विचारा, तपशील भरा.'

संपली म्हणे! चार वर्षांच्या पोरीने काय दप्तर ठेवायचं होतं का? अरीजला तिच्या शाळेत चौदा पडले, तेही बाबांवर, म्हणजे तिच्या आजोबांवर. त्यांच्या घोरण्यावर लिहिलंय बयेने.

मावशीला विचारलं, आईबद्दल काही ठाऊक आहे का. म्हणाली, "मी कुठे बघितलं तिला? मी आले ती गेल्यावर वर्षभराने." आणि वाटाणे सोलायला निघून गेली. अर्धी टोपली आधीच सोललेली होती.

११ एप्रिल

कारखान्यात कविता पुटपुटत होते, त्या नादात टाइल्सची अख्खी रांग निळ्याऐवजी हिरवी रंगवली. मालक म्हणाला, "वसीलाबाई, कवी व्हा, पण सुट्टीच्या दिवशी."

१४ एप्रिल

केफला अम्मार मामाला फोन केला. आईचा भाऊ, तिच्या बाजूचं एवढं एकच माणूस राहिलंय. आमची भेट तीन-चार वर्षांतून एकदा, कुणाच्या तरी लग्नात किंवा मयताला. म्हटलं, मामा, परीक्षेसाठी आईबद्दल सांग. फुलांचा अर्क काढायची ना ती, गच्चीवर, त्यातलं काही?

मामा खो खो हसला. "सासिया? आणि फुलं? अगं, फुलांच्या वाऱ्याने तिला धाप लागायची. डोळे हे असे सुजायचे. मार्च लागला की तुला काखोटीला मारून इथे पळून यायची, ती मे संपल्यावर परत. ती असेतोवर तुझ्या बापाने घरात एक पाकळी येऊ दिली नाही. नाबुलमध्ये राहून! सगळी गल्ली हसायची त्याला."

मी म्हटलं, नक्की? म्हणाला, "नक्की म्हणजे? चार वसंत तू आमच्याकडे काढलेस. बकरीच्या पाठीवरून पडली होतीस."

मग तो आणखी खूप काही सांगत होता. पत्त्यांत लबाडी करायची. शीळ घालायची ती पलीकडच्या डोंगरावर ऐकू जायची. मी हं, हं करत होते. लिहून घ्यायला वही पुढ्यात होती, तिच्यात काहीच लिहिलं नाही.

१५ एप्रिल

स्वयंपाक केला नाही. लुत्फीने अंडी केली, करपवली. 

१७ एप्रिल

आता स्वच्छ लिहिते. ते तांब्याचं भांडं मावशीने लग्नात आणलंय. हे मला शेंबडी होते तेव्हापासून माहीत आहे, ती दर वर्षी घासताना सांगते, माझ्या बापाने दिलंय म्हणून. तिच्याआधी या घरात भांडंच नव्हतं. म्हणजे गच्ची मावशीची, चादर मावशीची, ओले हातही तिचेच. मी कधी जोडूनच बघितलं नाही. एवढी शहाणी मी!

म्हणजे आईची एकही आठवण माझ्यापाशी नाही. एकही. त्या कवीकडे निदान पातेलं तरी आहे. खूप रडले. बाथरूममध्ये नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. सगळ्यांना ऐकू गेलं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. मी ही आठवण मावशीसमोर सांगत आलेय. मेंदीच्या रात्री ती माझ्या शेजारी बसली होती, माझ्या पायाला मेंदी लावत. मी सांगत होते, माझी आई अशी, माझी आई तशी, आणि बायका डोळे पुसत होत्या. ती बिचारी मान खाली घालून मेंदी लावतेय. तिच्या ध्यानात आलं नसेलच. दर वर्षी शंभर कामं, एका दुपारी पोरीशी खेळली ते कोण लक्षात ठेवतं? पण आता मी तिला सांगू कशी? चाळीस वर्षं तुझं श्रेय मी दुसरीला देत होते म्हणून?

२ मे

अरीजला सांगितलं. वाटलं होतं, हसेल. नाही हसली. म्हणाली, "म्हणजे तुला सासिया आजी आठवत नाही आणि मलाही आठवत नाही. झालं, आपण बरोबरीत आलो." मग मामाने सांगितलेलं सगळं विचारून घेतलं. शिळेचं ऐकल्यावर एकदम उठली, खिडकीत गेली, आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घातली की समोरचा किराणावाला दुकानाबाहेर आला.

पोरगी सात वर्षांची असल्यापासून शीळ घालते. मी तिला त्यावरून किती रागावलेय. आज म्हटलं, परत घाल. पाच वेळा घालायला लावली. मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "दोघींना वेड लागलंय, परीक्षा लांबणीवर टाका!"

हसून हसून पोट दुखलं. बऱ्याच दिवसांनी.

२१ मे

तेरा. सरावाच्या निबंधात दोन गुण वाढले. सर म्हणाले, आता रंग चढतोय. पण वर्गात आठवण म्हणून मी बाबांची लिहिली. परीक्षेत काय लिहायचं ते अजून ठरत नाही. मावशीला आज तीनदा सांगायला गेले आणि तीनदा भलतंच बोलून आले. एकदा तर मिठाचा भाव विचारला.

५ जून

आली! हीच आली! अबीद सरांचं मन एकदाचं खरं बोललं. प्रश्नपत्रिका बघून ते पोस्टातले गृहस्थ मोठ्याने "अल्लाची कृपा" म्हणाले, पर्यवेक्षकाने त्यांना दटावलं.

आठ गुणांचा प्रश्नही तोच. दहा मिनिटं पेन हातात धरून बसले. मग गच्ची लिहिली, चादर लिहिली, ते अर्काचं बोलणं लिहिलं. नाव कुणाचंच दिलं नाही, नुसतं 'एक बाई' लिहिलं. पुढे लिहिलं की मला कवीचं पटत नाही. तो म्हणतो, आठवण उरली म्हणजे माणूस उरलं. माझी आई माझ्या आठवणीत नाही, तरी माझ्या घरात तिची शीळ आहे. आणि जी आठवणीत आहे, तिला मी चाळीस वर्षं चुकीच्या नावाने हाक मारली. चार पानं झाली. वरून मावशीचं पातेल्याचं वाक्यही घातलं.

बाहेर लुत्फी लुआज घेऊन उभा, आत प्रवासी तसेच बसलेले. आम्ही दोघी बाहेर आल्यावर त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने विचारलं, "जुळ्या त्या ह्याच का?"

अरीजनेही मावशीचंच वाक्य वापरलंय. दोन्ही पेपर एकाच तपासनिसाकडे गेले तर आमची धडगत नाही.

७ जून

आज सांगितलं. मावशी ओट्याशी मिरच्या चिरत होती. म्हटलं, "मावशी, फुलांत मला लोळवलं ती आई नव्हती. तू होतीस." तिने मान वर केली नाही. म्हणाली, "हो." मी म्हटलं, तुला माहीत होतं? "माझेच हात, मला नाही माहीत?" मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? सुरी थांबली. म्हणाली, "सात वर्षांची होतीस. शेजारच्या पोरींना सांगत होतीस, माझ्या आईने मला फुलांत लोळवलं. दारामागून ऐकलं मी. म्हटलं, राहू दे. तिचं काहीतरी तुझ्यापाशी असायला हवं ना. माझं काय, मी होतेच."