दगडावर जाणारी ओळ

आबा, शहापूरच्या दुकानात तुमच्या पायानं चालवायच्या ट्रेडल छपाई मशीनच्या जागी आता माझा कॉम्प्युटर आहे. लग्नपत्रिका अजून निघतात. किन्हवलीच्या एका मुसलमान घरची पत्रिका छापत होतो तो दिवस आठवतो. वरच्या अरबी ओळीचा ब्लॉक तुम्ही भिवंडीहून करून आणला होता आणि मी तो उलटा बसवला. "आपल्याला कुठं वाचता येतं," मी म्हणाले. तुम्ही मशीन थांबवलं. "ज्याची हाय त्याला येतं ना गो," एवढंच बोललात आणि ब्लॉक काढून माझ्या हातात दिलात.

आता ब्लॉक नाही. अरबी मजकूर फोनवर येतो, मी तो फाइलीत टाकते, आणि सॉफ्टवेअर तो डावीकडून मांडतं. ओळ उलटी होते, जोडलेली अक्षरं सुटतात. सुटलेली अक्षरं मलाही दिसतात. मग मांडणी उजवीकडून डावीकडे करायची, की ती पुन्हा जुळतात. खटकत नाही म्हणजे बरोबर, असं मी धरून चालले.

परवा मुरबाडहून एक म्हाताऱ्या बाई आल्या. ज्यू, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. नवऱ्याच्या कबरीच्या दगडावर मराठी नावाच्या वर त्यांना हिब्रू ओळ हवी होती. ती त्यांनी फोनवर पाठवली होती. प्रिंट बघायला येते म्हणाल्या होत्या. मी मात्र आदल्या दिवशीच फाइल दगडवाल्याला पाठवून मोकळी झाले होते. हिब्रू अक्षरं मुळातच सुटी उभी असतात. मला काही खटकलं नव्हतं. बाईंनी ओळीच्या उजव्या टोकाला बोट ठेवलं. ते तिथंच राहिलं.

"पोरी, ही शेपटाकडून लावलीस गो."

"उलटी झाली?"

"मंग? जन्मभर मी त्याचं सगळं उलटंच केलं. आता दगडावर तरी नको."

त्या हसल्या. चहा सांगते म्हणून मी बाहेर गेले आणि दगडवाल्याला फोन लावला. त्याने छिन्नी अजून लावली नव्हती; नवी फाइल येईपर्यंत थांब म्हटलं. आत येऊन मी दिशा बदलली, ओळ वळली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, मग माझं बोट धरून मला वाचायला लावली, उजवीकडून, एकेक अक्षर. मी अडखळत त्यांच्या नवऱ्याचं नाव वाचलं. उरलेली अक्षरं शिकवायला त्या सोमवारी येणार आहेत.

न दाखवता फाइल पाठवल्याचं आणि दगडवाल्याला केलेल्या फोनचं मी त्यांना सांगितलेलं नाही. सोमवारी सांगायचं आहे. आधी तुम्हाला सांगून पाहिलं.