एकतीस दिवसांची मुदत

७ मार्च
पोस्टमन पुन्हा दारात. कंपनीचं पाकीट, सही करून घ्यायचं. सही केली — त्या बिचाऱ्याला बर्फात कशाला ताटकळत ठेवायचं? पण उघडणार नाही! अठ्ठावीस फेब्रुवारीला माझ्या नवऱ्याला, डेल्बर्टला, नोकरीवरून काढून टाकलं. बायपास होऊन चार महिनेही झाले नव्हते. बावीस वर्षं त्याने यांच्या कारखान्यात खिडक्या बनवल्या, आणि आता हे आभाराची पत्रं पाठवतायत. पहिलं कचऱ्यात गेलं. हे जाडजूड होतं, घडी घालून वॉशिंग मशीनच्या लंगड्या पायाखाली सारलं. थडथड थांबली. कंपनी एकदाची उपयोगी पडली.

१२ मार्च
मार्लिस आली होती. कंपनीच्या ऑफिसात कागदपत्रं बघते, चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसते. हातात हॉटडिशचं भांडं, ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे आणि खिमा. "व्हर्ना, जरा बोलायचं होतं गं." तुझ्या कंपनीच्या माणसांशी मला बोलायचं नाही, म्हटलं, आणि दार लावलं. भांडं पायरीवर ठेवून गेली. डेल्बर्टने खाल्लं. मी शिवलेसुद्धा नाही.

१९ मार्च
डेल्बर्टला जिना चढताना धाप लागते. मार्लिसला दिवसभर शिव्या दिल्या.

१ एप्रिल
शेजारच्या आर्लीनच्या नवऱ्यालाही त्याच दिवशी काढलं होतं. कुंपणावरून म्हणाली, "विम्याचा फॉर्म भरलात ना?" कसला फॉर्म? म्हणे, नोकरी गेली की कंपनीचा सामूहिक आयुर्विमा संपतो, पण एकतीस दिवसांत तोच स्वतःच्या नावावर करून घेता येतो. डॉक्टरी तपासणी नाही, काही नाही. मुदत काल संपली.
एजंटला फोन केला. "बायपासनंतर नवा विमा? मॅडम, कोणी दारात उभं करणार नाही."
मग डेल्बर्टला काही झालं तर माझ्या हाती काय? मला भीती वाटते. आणि त्याहून जास्त संताप येतो.

२ एप्रिल
वकील म्हणाला, कंपनीने लेखी कळवलं नसेल तर मुदत वाढवून मागता येईल. कळवल्याचा पुरावा त्यांनी द्यायचा.
तडक ऑफिसात गेले. सगळ्यांसमोर मार्लिसला धुतलं. रविवारी हात जोडतेस आणि सोमवारी आजारी माणसाचा विमा गिळतेस? ती म्हणाली, "पाठवलं होतं, व्हर्ना. पोचपावती शोधते." शोध, म्हटलं, जन्मभर शोध. घरी येईपर्यंत फार बरं वाटत होतं.

३ एप्रिल
पोचपावतीची प्रत आली. ७ मार्च. सही माझी.
मशीन उचलून पाकीट काढलं. आत फॉर्म, त्यावर मार्लिसच्या अक्षरात चिठ्ठी — "व्हर्ना, यात तपासणी मागत नाहीत. ३१ तारखेच्या आत पाठव. आमच्यावर राग असू दे, पण एवढं कर."
मशीन पुन्हा थडथडतंय. डेल्बर्ट आतून विचारतोय, काय झालं गं.