झाकणावरचं नाव

बुधवार, संध्याकाळ

बाबाच्या मोटरसायकलच्या इंजिनचं झाकण आज पावडर कोटिंग करून जुन्या ओव्हनमध्ये भाजून काढलं. काळी पावडर अशी बसली, एक डाग नाही. मी खूश. मंग पाहते तं नावच गायब! बाबा उकव्याच्या खाणीत होते तेव्हा त्यांनी कटंगीच्या बाजारात, भांड्यावर नाव टाकणाऱ्याकडून, झाकणावर स्वतःचं नाव कोरून घेतलं होतं. "गाडी होय का भात शिजवाचा गंज?" म्हणून लोक हसत. बोल्टच्या भोकांले टेप लावला, नावाले काहून नाही लावला? डोकं कुठं होतं माह्यं?

बाबाले दाखवलं. त्यांनी नावाच्या जागी अंगठा फिरवला.

"गेलं काय?"

"हौ बाबा. घासून काढू काय सारं?"

"काहून? आता तुह्यं टाक. चालवते तं तूच."

माह्या लग्नातल्या साऱ्या भांड्यांवर देणाऱ्यांची नावं आहेत. माह्यं एकावरही नाही.

मशीननं कोरलं तं कोटिंग तिथूनच उखडते, हे मले चांगलं माहीत आहे. एवढी मेहनत वाया. तरी येत्या बाजाराले झाकण घेऊन कटंगीले जातेच.