पाठ टेकंपर्यंत

कोलकाता, सराव शिबिर

तीर्थरूप आबांच्या पायांवर डोकं ठेवून लेकीचा दंडवत.

मी बरी हाय. भाकरी सोडली तर जेवणाचं काय कमी न्हाय. खांदा जरा दुखतोय, अक्काला सांगू नका. तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीच्या डॉक्टरांना गुडघा दाखवला का? म्हैस व्याली का?

शनिवारचा सामना आपण हरलो. तिकडं कळलं नसंल, रग्बी कोण दाखवतंय! सात जुन्या पोरी निवृत्त झाल्यात, देशाची टीम नव्यानं बांधायला घेतलीया, आन् हा सलग पाचवा पराभव.

पण हा माझ्यामुळं झाला, आबा. दोन मिनिटं उरलेली, आम्ही दोन गुणांनी पुढं. त्यांची पोरगी बॉल घेऊन सुटली. मी कुस्तीतल्यासारखा पट काढला, पाय धरून तिला आडवी केली. रग्बीत पाडलं की लगेच सोडावं लागतं. पण मला तालमीतला तुमचाच आवाज ऐकू आला, "पाठ टेकंपर्यंत पकड सोडायची न्हाय." मी धरूनच ठेवलं. शिट्टी वाजली. त्यांना पेनल्टी किक मिळाली, तिचे तीन गुण झाले, आन् आम्ही एका गुणानं हरलो.

कुस्तीत माणूस एकटा हरतो. हितं माझ्यापायी चौदा जणी मान खाली घालून बसल्या. तेच लागलं.

आज कोचनी माझ्याकडनं एकच गोष्ट करून घेतली. दोनशे वेळा पाडलं आन् दोनशे वेळा सोडलं. शेवटी शेवटी हात आपसूक सुटाय लागला.

हे फोनवर तुम्हाला सांगायचा धीर झाला न्हाय, म्हणून लिवलं.

रागावू नका.

तुमची,
भैरवी