आरशावरचा चौथा नंबर

सांतियागो, रविवार

आई, आशीर्वाद असू दे.

मी मजेत आहे, पोटभर जेवतो. आपली शेळी व्याली का?

चिचो न्हाव्याच्या आरशावर सध्याच्या दहा सर्वोत्तम बेसबॉलपटूंची यादी असते, दाढीच्या साबणानं लिहिलेली. आपला दादा चौथा होता. काल नावच गायब! मी भांडलो, तर एक गिऱ्हाईक म्हणालं, "खांदा गेलाय त्याचा." दुसरं म्हणालं, "छे, माजलाय!" चिचो म्हणाला, "तू भाऊ ना? तूच सांग की!"

मला काय ठाऊक? अमेरिकेतून दादा फक्त हवापाण्याचं बोलतो. अर्ध्या दाढीनिशी उठून मीच त्याला परत चौथा लिहिलं.

लहानपणी त्यानं लपवलेला ताप तूच ओळखायचीस. त्याला फोन लाव आणि कळव, नाव ठेवू की पुसू?

तुझा भटक्या,
ओनेल