तुमच्या वाटणीचा शिरा

अहो,

तुमचा रिपोर्ट आला! तीन महिन्यांची साखर ६.२ वरून चक्क ५.५! राहवलं नाही, डॉक्टरांना लगेच फोन लावला. म्हणाले, "डायबेटिसच्या काठावर होते, मागे आले." खालच्या जागृती वहिनींनाही मी गॅलरीतूनच ओरडून सांगितलं. रोज कोपर स्टेशनपर्यंत चालत जात होतात, त्याचं चीज झालं!

आता आनंदात पेढे आणू नका, सांगून ठेवते. नाचणीची भाकरी आणि मेथी झाकून ठेवलीय. आधी काकडी खा, मग भाकरी.

मी आपल्या संचिताला घेऊन चालायचे बूट आणायला गेलेय. तुमचे चांगले आहेत, हे माझ्यासाठी. लॅबवाला तुमचं रक्त घ्यायला आलेला, तेव्हा मीही दिलेलं. माझी ६.१ आलीय. येणारच! तुमच्या वाटणीचा प्रसादाचा शिरा, पुरणपोळी, सगळं टाकवत नाही म्हणून मीच संपवत होते ना. घाबरू नका. डॉक्टर म्हणाले, "त्यांनी केलं तेच तुम्ही करा."

उद्या सकाळी मला हाक न मारता एकटे गेलात, तर बघा!

शीला